भागीरथा मागते

“हे मी सांगू, का तिनं सांगाचं?” सत्यवतीने विचारले, आणि टेबलापलीकडे बसलेल्या प्राध्यापक निंभोरकरांचा पेन तिथल्या तिथे थांबला.

प्रश्न अगदी साधा होता. एकसष्ट साली अमरावतीच्या एका संस्थेत बालवाडीच्या शिक्षिका निवडणे चालले होते. आधी व्यक्तिमत्त्वाची चाचणी, त्यात उतरली तर प्रशिक्षण. निंभोरकर मानसशास्त्र शिकवीत. वय कोवळे, चष्मा जाड, आणि आपल्या शास्त्रावर नव्या जावयासारखे खूश. सकाळपासून कितीतरी बायका त्यांच्यापुढे बसून हो-नाही करून गेल्या होत्या. या अकोल्याच्या बाईला त्यांनी एवढेच विचारले होते की, लहान मुलांत तुमचा वेळ चांगला जातो का? त्यावर तिने आधी गळ्यातल्या चांदीच्या पत्र्याला हात लावला आणि हे भलतेच विचारले.

“तिनं म्हणजे कोणी?”

“भागीरथेनं जी.” सत्यवतीने तो पत्रा दोन बोटांत धरून पुढे केला. “माही सवत. मरून गेली ते.”

निंभोरकर शहरात वाढलेले. सवतीचा टाक त्यांनी ऐकला होता, पाहिला नव्हता. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. नाकडोळे घासून पार गेलेले.

भागीरथा ही शेषरावाची पहिली बायको. बाळंतपणात गेली, पोटातल्या लेकरासकट. वर्ष सरायच्या आत वरूडहून सत्यवती आली. पहिलीचा जीव घरात अडकू नये, तिने दुसरीला छळू नये, म्हणून लग्नाच्या दिवशीच हा टाक सत्यवतीच्या गळ्यात पडला. तेव्हापासून नवे लुगडे आधी टाकाला लावायचे, मग स्वतः नेसायचे. हळदकुंकू आधी तिला. ताटातला पहिला घास तिच्या नावाने बाजूला काढायचा, मग आपण जेवायचे. लग्न झाले ते एकाशी, संसार सुरू झाला दोघांशी.

अकोल्याला मोर्णेच्या काठी त्यांची भाजीची बाडी, म्हणजे छोटा मळा, होता. सासू पार्बताबाई मनाने वाईट नव्हती. पण थोरल्या सुनेवर तिचा फार जीव होता, आणि तो जीव कुठे ठेवावा हे म्हातारीला कळत नव्हते. “भागीरथा असं नोती करत,” हे ती उठता-बसता म्हणे. सत्यवती माहेरी खदाखदा हसायची. इथे भागीरथा गालातल्या गालात हसायची, म्हणून सत्यवतीनेही गालातल्या गालात हसायला घेतले. भागीरथा वाटेवर कोणाशी बोलत नसे. सत्यवतीही बोलेनाशी झाली. दोन पावसाळे गेले आणि आजूबाजूच्या बायका कौतुकाने म्हणू लागल्या, अगदी भागीरथाच घरात आली.

मग सत्यवतीच्या भावाचे लग्न निघाले आणि पार्बताबाईने जायला नाही म्हटले. सत्यवती रात्रभर तळमळली. सकाळी चुलीपाशी बसून, सासूकडे न बघता म्हणाली, “मामीजी, रातच्यानं भागीरथा सपनात आली होती. म्हणे, मले वरूडले घेऊन चाल. संत्र्याचा बगीचा पाहाचा हाये.”

म्हातारीच्या डोळ्याला पदर लागला. दुसऱ्याच दिवशी शेषरावाने स्वतः नेऊन मोटारीत बसवले.

आता तुम्ही म्हणाल, बाई लबाड होती. असेल. पण जिवंत सुनेला जे मागून मिळत नव्हते ते मेलेल्या सुनेला न मागता मिळे, तिथे दुसरे काय करणार? हिरवे लुगडे भागीरथेला हवे झाले. आंबट बोरे भागीरथेला हवी झाली. सत्यवती लग्नाआधी सातवी पास झालेली. बालवाडीची जाहिरात शेजारच्या मास्तरणीने वाचून दाखवली तेव्हा तिने तीच युक्ती केली. भागीरथा मागते म्हटल्यावर पार्बताबाईने स्वतः दशम्या बांधून दिल्या.

लबाडी तरी आपल्या हातात असते. हे सोंग हळूहळू तिच्या हातून सुटत चालले होते. बाजारात बांगड्या भरताना कासार रंग विचारी आणि ती गप्प उभी राही, कारण आपल्याला कोणता आवडतो ते तिला आठवत नसे. पाठीमागे कोणी उभे आहे असे वाटून ती भाकरी थापता थापता मागे बघे. एकदा नदीवर धुणे धूत असताना कोणीतरी “भागीरथे” अशी हाक मारली आणि सत्यवतीने ओ दिली. वळून पाहिले तर काठावर कोणी नव्हते. तेव्हापासून ती एकटी नदीवर जायला भीत होती, आणि हे सांगायचे कोणाला हाही प्रश्नच होता. म्हणून ही बालवाडी तिला जीव तोडून हवी होती. घराबाहेर, लेकरांच्या गलक्यात, आपल्या नावाने कोणी हाक मारील अशी एक जागा. पण हवी कोणाला होती, तिला की भागीरथेला, हे काही तिला सांगता येईना.

हे सगळे निंभोरकरांनी तिच्याकडून थोडेथोडे काढून घेतले. त्यांनी प्रश्नांचा कागद बाजूला सारला होता.

“टाक काढून इथे ठेवता का? थोडा वेळच.”

सत्यवतीने दोरा मानेवरून काढला. लग्नानंतर प्रथमच मान उघडी पडली आणि तिथे वारा लागला. निंभोरकरांनी तिच्यापुढे एक पुठ्ठा ठेवला. त्यावर काळ्या शाईचा मोठा डाग होता, कागद मधोमध दुमडून पाडलेला.

“यात काय दिसतं तुम्हाला?”

“दोन बाया जी. एका घागरीले दोघींचे हात.”

“ह्यात बाया नाहीत, सत्यवतीबाई. नुसती शाई आहे. बाया तुमच्या मनात आहेत, त्या तुम्ही इथे बघता.” निंभोरकर पुढे सरकले. “माणूस असाच असतो. आपल्या मनातलं दुसऱ्याच्या अंगावर टाकून बघतो. आपली हौस, आपला राग, आपली भीती. जे उघड मागायची सोय नाही ते मनाच्या तळाशी दडपतो, आणि मग ते दुसरं तोंड शोधतं. जगात वावरायला एक मुखवटा लागतोच. तुमच्या घरानं तुम्हाला भागीरथेचा दिला. पण मागत होतात तुम्हीच. तुम्ही खोटं बोलला नाहीत. भागीरथा कधी आलीच नव्हती.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

सत्यवती त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकदम हसली, माहेरी हसायची तशी, खदाखदा. बाहेरचा शिपाई दारातून डोकावून गेला. तिला फार हलके वाटले. बोरे आपल्यालाच आवडतात. हिरवा रंग आपल्याला आवडतो. ती मनातल्या मनात एकेक वस्तू परत घेत होती.

निंभोरकरही खूश झाले. “आता एकच सांगा. बालवाडी कोणाला हवी आहे? तुम्हाला असेल तर तुमचं नाव मी पुढे पाठवतो. भागीरथेच्या नावानं मात्र मला कोणाला पाठवता येणार नाही. मी वेडगळपणा केला म्हणतील.”

सत्यवती ‘माही’ म्हणता म्हणता थांबली. तिचे हसू गेले.

“सपनातलं बी आपलंच असते जी?”

“स्वप्नातलं तर सगळ्यात जास्त आपलं.”

“सारं?”

“सगळं.”

ती लुगड्याच्या काठाशी चाळा करू लागली. “मंग एक इचारतो सर. सारी सपनं म्या बनवून सांगतली. एक नाही. ते खरंच पडलं होतं. मले सातवा लागला होता. भागीरथा आली, माह्या पोटावर हात ठेवला. म्हणे, हे मले दे.”

निंभोरकरांनी शाईचा पुठ्ठा उलटा करून ठेवला.

“पोट्टी झाली. पाचवी पुजाच्या आधीच गेली. मामीजी म्हणे, थोरलीची होती, थोरलीनं नेली. रडू नोको, तिले राग येईन. मी रडली नाही जी.” तिने वर पाहिले. “तं ते बी मीच मांगतलं काय?”

“स्वप्नानं कोणी मरत नाही, बाई,” निंभोरकर घाईने म्हणाले. “किती लेकरं जातात. त्याचा स्वप्नाशी संबंध नाही.”

“ते नाही इचारत. मांगतलं कोनं, ते इचारून राहिली.”

निंभोरकरांनी चष्मा काढून पुसला. खोटे बोलणे सोपे होते. पण आत्ताच त्यांनी ‘सगळं’ म्हटले होते, आणि ती त्यांचा शब्द धरून बसली होती.

“त्या दिवसांत कधी… बाळ नको असं वाटलं होतं का?”

“वाटलं होतं.” तिचा आवाज खाली गेला. “भागीरथा तशीच गेली होती ना जी. मले लय भेव वाटे. बाडीत मिरच्या तोडून राहिली होती, अन् मनात आलं, नोको मले हे. त्याच राती ते आली.”

“ती भीती होती. भीती म्हणजे गुन्हा नाही.”

हे निंभोरकरांना पटत होते. तिच्यापर्यंत ते पोचले की नाही कोण जाणे. तिच्यापुढे टेबलावर टाक पडला होता. बालवाडी भागीरथेची म्हटले, तर तिला तसेच घरी परतायचे होते, त्या नदीवर, त्या हाकेपाशी. माझी म्हटले, तर मागचे सगळेच मागणे तिच्या पदरात येणार होते, मिरच्यांच्या वाफ्यातल्या त्या दिवसासकट. इतकी वर्षे ते भागीरथेने वाहिले होते. मेलेल्या बाईवर तिने सगळा भार टाकला होता, आणि भागीरथेनेही तो निमूट घेतला होता. सत्यवतीला त्या घासून गेलेल्या चेहऱ्याची दया आली.

“माही,” ती म्हणाली. “बालवाडी माही. लुगडं बी माहंच. वरूडले जानं बी माहंच. अन् ते बी माहंच.”

निंभोरकरांनी कागदावर खूण केली. त्यांना तिच्याकडे बघवेना. ती उठली, टाक उचलला, पण गळ्यात घातला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात ठेवला.

अकोल्याला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. शेषराव जेवून ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. पार्बताबाई सुनेसाठी जेवायची थांबली होती. तिचे लक्ष आधी गळ्याकडे गेले.

“टाक कुठी हाये वं?”

“पदरात हाये, मामीजी.”

“घाल बरं. काय म्हने अमरावतीवाले?”

“नाव पाठोतो म्हने.”

“झालं बापा माह्या भागीरथेच्या मनासारखं.”

सत्यवतीने ताटे वाढली. दोघी जेवायला बसल्या. म्हातारीला दात नव्हते, तिच्या ताटाशी भाकरी कालवायला दुधाची वाटी होती. सत्यवतीने नेहमीप्रमाणे भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीला लावला आणि ताटाच्या उजव्या अंगाला भागीरथेसाठी ठेवला. मग तिने भाकरीचा वरचा पापुद्रा सोडवला, आतला मऊ भाग काढला, बोटांनी कुस्करून त्याचा सुपारीएवढा गोळा केला आणि तो पहिल्या घासाशेजारी ठेवला.

“हा कोनाचा?” पार्बताबाईने विचारले.

“पोट्टीचा.”

ओसरीवरचा अडकित्ता थांबला. त्या घरात त्या मुलीचे नाव कोणी काढत नसे, आणि काढायला तिला नावही नव्हते.

“ते तं भागीरथेची होती,” म्हातारी म्हणाली.

“माही होती, मामीजी.”

एवढे बोलून सत्यवती रडायला लागली. दबून नाही, मोठ्याने रडली. थोरलीला राग येईल म्हणून तिला कोणी गप्प केले नाही. पार्बताबाई त्या दोन घासांकडे बघत बसली होती. भागीरथेसोबत गेलेले लेकरूही तिच्या डोळ्यांपुढे आले असेल. बऱ्याच वेळाने तिने हात लांबवला आणि आपली दुधाची वाटी सुनेच्या ताटाकडे सरकवली.

“सुका घास कसा गिळीन वं पोट्टी,” ती म्हणाली. “दूध घाल त्याच्यावर.”