दुर्बिणीशेजारची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे, कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातली. पाते दर शस्त्रक्रियेला नवे बसते. मूठ मात्र तीच, डॉक्टरीणबाईंच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली. कुत्र्याच्या मूत्राशयात गाठ झाली की पोट उघडायला मीच लागायची. बाई न बघता हात पुढे करून म्हणायच्या, "दे गं," आणि मदतनीस मावशी मला त्यांच्या तळहातावर ठेवायच्या. केवढा माझा तोरा होता!

मग दुर्बीण आली. काडीसारखी बारीक, तोंडाशी दिवा, निजायला मखमली पेटी. ती लघवीच्या वाटेने आत शिरते, पडद्यावर गाठ दाखवते आणि तिच्यातूनच गेलेली लेसरची तार गाठ कापते. पोटावर ओरखडासुद्धा नाही. सगळे तिचे गोडवे गात आणि माझा जळफळाट होई. मला आपले उकळून ट्रेमध्ये ठेवायचे, ती अडलीच तर म्हणून. ती अडावी, एवढीच माझी इच्छा होती.

एकदा भुंगी नावाची म्हातारी कुत्री आली. लघवीतून रक्त जात होते. "घरात बोलायला हिच्याशिवाय कोणी नाही हो," असे म्हणून तिला घेऊन आलेले आजोबा रिकामा पट्टा मुठीत धरून बाहेरच्या बाकावर बसले.

आत गाठीतून रक्त आले आणि पडदा लाल झाला. दुर्बिणीला काही दिसेना. बरी खोड मोडली, मी म्हटले. बाईंनी पडद्यावरची नजर न हलवता हात पुढे केला. "दे गं." जुन्या सवयीने मावशींनी मलाच तळहातावर ठेवले! मी हरखून गेले.

"अगं मावशी, ही नको. सलाईनची नळी दे."

पाण्याने रक्त धुऊन निघाले, गाठ दिसली आणि मी पुन्हा ट्रेमध्ये पडले.

संध्याकाळी भुंगी आपल्या पायांनी बाहेर गेली. दार उघडेच होते, ट्रेमधून मला सगळे दिसत होते.

"टाके कधी काढायचे?" आजोबांनी विचारले.

"टाकेच नाहीत, आजोबा," मावशी म्हणाल्या.

त्यांना खरे वाटेना. खाली बसून त्यांनी तिच्या पोटावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. भुंगीने त्यांचे तोंड चाटले. मी कापलेली कुत्री कित्येक दिवस कण्हत पडायची. मला आजोबांकडे बघवेना.

ट्रे आवरताना बाई म्हणाल्या, "पडदा लाल झाला तेव्हा धीर सुटला होता माझा. ही सुरी बाजूला होती म्हणून काम चालू ठेवता आले."

मित्रांनो, ऐकून बरे वाटले, पण दुर्बिणीचा हेवा काही गेला नाही. मखमल मी मागत नाही. मला कोरडे पुसा, गंजू देऊ नका, दर वेळी ट्रेमध्ये ठेवा. हात पुढे आला की अजून मला हुरूप येतो. पण बाहेर बाकावर ते आजोबा असतील, तर मला ट्रेमध्येच पडून राहू द्या.