दोन वर्षांचा लाल

चांदूर बाजारच्या भगवंतरावांनी त्या साली बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या.

आल नावाच्या झुडपाच्या मुळीत लाल रंग भरायला जमिनीखाली तीन वर्षं लागतात.

समुद्रापलीकडे कुठल्या तरी मुलखात लढाई चालू होती म्हणे.

तुरटीच्या पाण्यातून काढलेली लोकर जिभेला लावून बघायची. जीभ आखडली, की ती रंग धरणार.

गालिचा खालून वर चढतो.

"हा तो लाल नाई, बाई," बुढनमियाँ म्हणाले. त्यांनी लोकरीची लडी मागावरच्या गालिच्याला लावून धरली होती. गालिचा दोन हिस्से विणून झाला होता, वरचा एक बाकी होता. खालचा लाल डाळिंबाच्या दाण्यासारखा. हातातला त्याहून उतरलेला.

"नाईच तो," सत्यभामा म्हणाली. "तो तीन वर्साचा होता. हा दोन वर्साचा हाय."

एलिचपुरात बुढनमियाँचा माग होता आणि सत्यभामेचा रंगाचा हंडा. तिचा नवरा रंगारी. तो गेल्यावर हंडा तिने चालू ठेवला. पण त्या लढाईपायी तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला असा भाव आला, की आसपासच्या साऱ्या कास्तकारांनी आल उपटून कापूस पेरला. तीन वर्षं थांबायला कोणी तयार नव्हतं. उरलं ते सत्यभामेचं अर्ध्या एकराचं वावर. त्यातली एकच ओळ खणून तिने ही लडी रंगवली होती.

"दुसरीकडं पाह्यलं?" बुढनमियाँनी विचारलं.

"परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत. मुळी म्हटली का लोक हासतात."

भगवंतराव आले ते पुडी घेऊनच. गालिचा त्यांच्या बैठकीसाठी होता, पोरीचं लग्न दिवाळीनंतर.

"विलायती हाय. अमरावतीहून आणली. चिमूटभर टाकली का हंडा लाल. काहून एवढं खणत बसता?"

पुडीतली भुकटी हिरवट दिसत होती. बुढनमियाँनी बोट ओलं करून टेकवलं. बोट गुलबक्षीसारखं पेटलं.

"याच्यानंच करू," ते सत्यभामेकडे न बघता म्हणाले. "तू नाई म्हणशीन तर दुसरा रंगारी पायतो."

सत्यभामेने पुडी पदरात बांधली. "आठ दिवस द्या, चाचा. मंग कोणाले बी सांगा."

घरी तिने दोन धागे रंगवले, एक पुडीत, एक आपल्या मुळीत. दोन्ही घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छपरावर, टाकले आणि त्यांच्या अर्ध्या भागावर मडकं उपडं घातलं. चैत्राचं ऊन. नवव्या दिवशी मडकं उचललं आणि धागे उचलून मागावर नेले.

पुडीचा धागा मडक्याखाली होता तेवढा लाल होता. उघडा राहिलेला भाग धुतलेल्या लुगड्यासारखा झाला होता. मुळीचा धागा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच.

बुढनमियाँनी दोन्ही धागे बराच वेळ बघितले. "पुडी गेली," ते म्हणाले. "पन तुहा फिका तो फिकाच, बाई. मधी रेघ दिसन. लोक म्हनतीन, बुढनच्या घरचा गालिचा ठिगळाचा हाय."

"तुमच्या आज्याचा गालिचा काढा बरं."

"तो काहून?"

"काढा तं."

इराणातून आलेला गालिचा. कोणी आणला, कधी आणला, हे घरात कोणाला सांगता येत नव्हतं. पण घरातला प्रत्येक विणकर त्याच्यावर बोट फिरवून शिकला होता. दोघांनी तो अंगणात अंथरला. सत्यभामा खाली बसली. दर ईदला लोकर पोचवायला आली, की ती हा गालिचा बघायची. रंगाऱ्याच्या डोळ्याने.

"हे पाहा. चार बोटांचा पट्टा. अठी लाल हलका हाय."

"तो उन्हानं उडाला. खिडकीपाशी राह्यचा."

"उन्हानं उडाला असता तं खालून गडद राह्यला असता. पालथा करा."

पालथा केला. खालच्या बाजूलाही तेवढाच पट्टा, तितकाच हलका. या काठापासून त्या काठापर्यंत, गाठींच्या एकाच ओळीवर सुरू झालेला आणि एकाच ओळीवर संपलेला.

बुढनमियाँ गुडघ्यावर बसले. त्यांनी त्या ओळीवर नख ठेवलं आणि गाठ गाठ करत पार काठापर्यंत नेलं.

"साठ वर्सं याच्यावर बसून राह्यलो," ते म्हणाले. "उस्तादले लाल पुरला नाई."

"आन त्यानं उकललं बी नाई."

"नाई उकललं." ते जरा हसले. "दुसरा हंडा लावला आन पुढं गेला बापडा."

मग उठून त्यांनी स्वतःच्या हाताने सत्यभामेची लडी मागावर टांगली. "खन वावर," ते म्हणाले.

वैशाखात काळी जमीन दगडासारखी होते. चार बाया आणि सत्यभामा कंबरभर चरात उतरून अकरा दिवस खणत होत्या. बांधावरून जाणारा एकजण म्हणाला, आता तरी सरकी टाकशीन ना. तिने मुळी मोडून त्याला आतला रंग दाखवला. अजून एक पावसाळा मिळाला असता, तर तो पुरा भरला असता.

दिवाळीनंतर भगवंतराव गालिचा न्यायला आले. पसरलेला बघून त्यांनी आधी जोडे काढले, मग आपण ते काढले हे त्यांच्या ध्यानात आलं. काठाकाठाने फिरता फिरता ते थांबले.

"चाचा, अठी लाल कमी पडला का?"

सत्यभामा दाराशी उभी होती. तिने तोंड उघडायच्या आत बुढनमियाँ बोलले.

"कमी कायले पडते? अठून वर सत्यभामाबाईचं वावर लागते."

भगवंतरावांनी वाकून त्या ओळीवर हात ठेवला.

सत्यभामेचा नवरा वारला त्या साली बुढनमियाँनी लाल लोकर अकोल्याच्या रंगाऱ्याकडे धाडली होती. बाईच्या हाताचा रंग टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.