भूकंपाच्या नावावर

शेषेराव महाराज कीर्तनाला निघाले की रेणापूरहून आपली भाकरी फडक्यात बांधून आणतात. जिथं कीर्तन, तिथलं अन्न घ्यायचं नाही. चहा नाही, पाकीट तर नाहीच. मी त्यांच्या मागे टाळ धरतो. एकदा त्यांना विचारलं होतं, लोक प्रेमानं देतात, घोटभर चहानं काय बिघडतं? तेव्हा म्हणाले, "ज्याचा घोट घेतला त्याला गोड वाटंल असंच मग आपण बोलत राहतो, श्रीनाथ. आपल्याला कळत बी न्हाई."

भूकंपात घराची भिंत त्यांच्या अंगावर आली होती. खुबा मोडला आणि वाकडाच जुळला. तरी लंगडत का होईना, महाराज उभे राहूनच कीर्तन करायचे. पुढं खुबा पार झिजला, तेव्हा लातूरच्या डॉक्टर अवधूतांनी नवा सांधा बसवला, धातूवर धातू फिरणारा. कंपनीनं तो निम्म्या किमतीत दिला, कारण डॉक्टर त्या सांध्यावर अभ्यास करत होते आणि महाराज त्या अभ्यासातले पेशंट.

पहिलं वर्ष आनंदाचं गेलं. नामाच्या गजरात महाराज पुन्हा नाचायला लागले, मागे उभं राहून माझे डोळे भरून यायचे. मग जांघेत दुखायला लागलं. चालताना आतून आवाज यायला लागला, गंजलेल्या बिजागरीसारखा. प्रत्येक तपासणीला महाराज सांगायचे. डॉक्टर हसून खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, भूकंपाचं जुनं दुखणं आहे, शरीर विसरत नाही.

मी लातूरच्या एका खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. डॉक्टर अवधूत आमच्याच क्लासचे जुने विद्यार्थी. जिन्यात त्यांचा मेरिटचा फोटो अजून आहे, गळ्यात हार घातलेला. त्यांचा अभ्यास परदेशी मासिकात छापून आला, तेव्हा कंपनीनं आमच्याच वरच्या हॉलमध्ये सोहळा ठेवला. सगळे पेशंट बोलावले. आधी महाराजांचं कीर्तन, मग जेवण.

त्या सकाळी मी डॉक्टरांना सहज विचारलं, दुखण्याबद्दल काय लिहिलंय? म्हणाले, सांध्याचा त्रास एकालाही नाही. ज्यांना दुखतं त्यांचं भूकंपाचं, म्हणून ते वेगळं काढलं. आणि अभ्यासाला पैसा कुणाचा, मी विचारलं.

"कंपनीचा. दुसरं कोण देणार, सर? तसं खाली छापलंय की. लपवलं काय त्यात?"

खरंच काही लपवलं नव्हतं. त्यानंच माझ्या अंगाची लाही झाली. चोर निदान तोंड तरी झाकतो. ज्यानं वस्तू विकायची त्याच्याच पैशानं तिची परीक्षा घ्यायची, आणि माणसाच्या कळा बिचाऱ्या धरणीमातेच्या माथी मारायच्या. वर्गात एखाद्या पोरानं असा प्रयोग लिहिला असता तर मी वही तोंडावर फेकली असती. इथं हार घालायचा होता.

महाराज आले तेव्हा जिन्यातच मी त्यांना सगळं सांगितलं. कठडा धरून ते पुढची पायरी चढले. मग म्हणाले, येतो म्हणून शब्द दिलाय, चला.

हॉलमध्ये पोरांच्या बाकांवर पेशंट बसले होते, काठ्या बाजूला टेकवून. टेबलावर मखमलीच्या पेटीत चकचकीत सांधा. कंपनीचे गंधारसाहेब पुण्याहून आले होते. महाराज आता तुमच्यासमोर नाचतील, असं त्यांनी मोठ्या कौतुकानं जाहीर केलं.

मृदंग लागला, टाळ लागले. महाराजांनी नाम घेतलं, दोन पावलं टाकली आणि हात वर करून आम्हाला थांबवलं. माइक काढला, वाकले, आपल्या खुब्याशी धरला आणि पाऊल उचललं.

कर्रक.

ज्या स्पीकरमधून मी पोरांना हृदयाचे कप्पे शिकवतो, त्यातून तो आवाज आला. महाराजांनी दुसरं पाऊल टाकलं. पुन्हा तोच.

"ह्यो माझा भूकंप," महाराज म्हणाले. "इतकी वर्षं झाली, थांबायचं नाव न्हाई."

दुसऱ्या बाकावरून एक बाई उठल्या. लोह्याच्या सिंधुबाई. "माय, माझ्यात बी हेच वाजतंय," त्या म्हणाल्या. "मला बी डॉक्टरसाहेबांनी भूकंपच सांगितला. म्या तर विहिरीच्या पायरीवरून पडले होते. आमच्याकडं एक भिंत पडली न्हाई."

मागून कुणीतरी हसलं, पण ते हसू तिथंच विरलं. डॉक्टर पुढं आले. हे बोलायची ही जागा नाही, दवाखान्यात या, असं काहीतरी म्हणायला लागले.

"एवढं सांगा," महाराज शांतपणे म्हणाले. "माझं दुखणं भूकंपाच्या नावावर लिहिलंय, ते खोडून सांध्याच्या नावावर लिहिता का? या माउलीचं बी. म्हंजे दुसऱ्या कुणाच्या अंगात हे घालायच्या आधी डॉक्टर लोक विचार करतील."

"छापून झालंय महाराज. आता त्यात बदल करायचा तर..." डॉक्टरांनी गंधारसाहेबांकडं पाहिलं. "कंपनीला विचारावं लागेल."

महाराजांच्या हातातल्या माइकमधून हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं. महाराजांनी माइक टेबलावर ठेवला, त्या पेटीशेजारी. विठ्ठलाचं नाव घेतलं आणि कीर्तन संपवलं.

पलीकडं पंगत मांडली होती, जिलेबीचा वास दरवळत होता. महाराज तिकडं वळलेच नाहीत. पायरीवर बसून त्यांनी फडकं सोडलं. सिंधुबाई आल्या, तेव्हा त्यांच्या हातावर अर्धी भाकरी ठेवली.

"हे घ्या. ही आपल्या घरची हाय, खाऊन खरं बोलता येतंय."

आणखी एक आजोबा ताटावरून उठून आले. मग त्यांच्यामागून एक मास्तरीण. भाकरी केव्हाच संपली होती. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांनी मिळून तपासून घ्यायचं, हे तिथंच ठरलं. तिथल्या डॉक्टरांनी या कंपनीचं काही घेतलंय का, हे आधी विचारायचं, असं सिंधुबाईंनी बजावलं.

आम्ही सगळे जिना उतरायला लागलो. दुपारच्या बॅचची पोरं पुस्तकं छातीशी धरून वर येत होती. डॉक्टरांच्या फोटोखाली ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि आम्हाला वाट करून दिली. आमच्या मागे-पुढे, पायरीपायरीला, सांधे वाजत होते.