राखाडी कोंबड्याच्या मानेची पिसं

कर्वेनगरच्या ‘चैत्रवेल’ सोसायटीचे अध्यक्ष दिगंबर बेहेरे चिकनच्या दुकानात दिसले, ही बातमी ते घरी पोचायच्या आधीच सोसायटीत पोचली. ज्या माणसानं जिन्याखाली स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती, ‘मटण, मासळी इ. जिन्यातून नेऊ नये. इमारतीस दुसरा जिना नाही, याची नोंद घ्यावी’, तो माणूस हातात पिशवी घेऊन उभा होता, आणि दुकानदार त्याला चक्क ‘काका’ म्हणत होता.

खरी गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, कारण पुढे ती कोणालाच खरी वाटली नाही. दिगंबरराव पक्के शाकाहारी. वाढदिवसाचा केकसुद्धा बिनअंड्याचा आहे ना, हे दोनदा विचारून मग नको म्हणणारे. उभा जन्म खडकीच्या कारखान्यात ड्रॉइंग काढण्यात गेला. निवृत्त झाल्यावर तिथलेच सहकारी सीताराम ओव्हाळ त्यांना एकदा धरणाच्या मागच्या पाण्यावर घेऊन गेले. सीतारामांना चिलापीचा नाद. तव्यात मावेल एवढा मासा. गळाला कणकेची गोळी लावायची, पकडायचा आणि घरी नेऊन तळायचा. दिगंबररावांना मासा नको होता, पण कणकेची गोळी बघवेना. इतक्या सुबक गळाला हे असलं काहीतरी लावायचं, याचंच त्यांना वाईट वाटलं.

मग फोनवर शोधता शोधता कळलं की गळावर पिसं आणि रेशीम बांधून नकली माशी करतात, आणि त्यातल्याच एका जुन्या प्रकाराला स्ट्रीमर म्हणतात. तो किडा नसतो, चिमुकला मासाच असतो. त्यातल्या ‘ग्रे घोस्ट’ नावाच्या नमुन्यावर दिगंबररावांचा जीव जडला. नारंगी रेशमाचं अंग, त्यावर सारख्या अंतरानं फिरवलेली चांदीची जर, पोटाखाली मोरपिसाचे चार केस आणि पाठीला धरून राखाडी पिसांची जोडी. पाण्यातून ओढला की जिवंत वाटतो. नमुना परदेशातल्या मोठ्या माशांचा. दिगंबररावांनी तो चिलापीच्या तोंडात बसेल इतका लहान केला, पण प्रमाणात. पीस तपकिरी घेतलं तर चालेल का, असं सीतारामांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “चालेल. फक्त मग त्याला ग्रे घोस्ट म्हणू नका.”

रेशीम आणि जर त्यांच्या पत्नी पद्मजाबाईंच्या विरलेल्या शालूतून निघाली. अडलं ते राखाडी पिसांपाशी. ब्रॉयलर कोंबड्या सगळ्या पांढऱ्या, आणि त्यांचं पीस बसकं. हवा गावरान कोंबडा, तोही राखाडी, आणि त्याच्या फक्त मानेची पिसं. दुकानदाराला आधी वाटलं, काही उतारा-बितारा असेल. पण गिऱ्हाईक सभ्य दिसत होतं. त्यानं नंबर लिहून घेतला आणि एके दिवशी फोन केला, “काका, राखाडी आलाय.”

काका गेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी सुदर्शन लिमये यांच्या नजरेस पडले. सुदर्शनराव त्या वेळी तिथं काय करत होते, हे कोणी विचारलं नाही. ते आपण होऊन म्हणाले की समोरच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला गेलो होतो.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. अध्यक्षपद जाईल याची दिगंबररावांना फारशी फिकीर नव्हती. पण आपण दारावर पाटी लावून मागल्या दारानं खाणारे आहोत असं लोकांनी समजावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा, बस्स, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून त्यांनी स्ट्रीमरची डबी बरोबर आणली. एकदा पाहिलं की कळेल, अशी त्यांची समजूत. पद्मजाबाई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या.

डबी फिरली. आयटीत काम करणारी भाडेकरू सलोनी म्हणाली, “काका, सो क्यूट. इअरिंग्ज आहेत ना? याची पेअर मिळेल?”

“याची जोडी नसते. हे चिलापीसाठी आहे,” दिगंबरराव म्हणाले. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जर किती अंतरानं फिरते, पीस मानेचंच का लागतं, गळाचा काटा पक्कडीनं दाबून बोथट का करायचा. पकडलेला मासा ते परत पाण्यात सोडतात, हेही सांगितलं.

“सोडता?” सुदर्शनराव म्हणाले. “मग पकडता कशाला?”

याचं चांगलं उत्तर कोणाकडेच नसतं.

“म्हणजे मी समजतोय ते बरोबर आहे ना बघा,” सुदर्शनरावांनी चष्मा पुसत सुरुवात केली. “मेलेल्या कोंबड्याची पिसं आणायची. त्याची खोटी मासळी करायची. ती दाखवून खरी मासळी पकडायची. ती सोडून द्यायची. आणि घरी येऊन वरणभात खायचा.”

“बरोबर आहे,” दिगंबरराव म्हणाले.

दिगंबररावांनी पद्मजाबाईंकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. शालू त्यांचाच होता. त्या आपल्या चपलेचा अंगठा बघत बसल्या.

“बेहेरे,” सुदर्शनराव जरा मऊ आवाजात म्हणाले, “इतका लांबचा वळसा कशाला घेताय? खात असाल तर खातो म्हणा. माणसं आहोत आपण.”

पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाई मदतीला धावल्या. “डॉक्टरांनी सांगितलं असेल हो. या वयात प्रोटीन लागतं.”

सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. दिगंबररावांनी डबीतल्या ग्रे घोस्टकडे पाहिलं. तो खरा होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

“हो,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी सांगितलंय.”

सभेचा जीव भांड्यात पडला. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी चांगलं गावरान कुठं मिळतं ते कानात सांगितलं. वैद्यकीय कारणास्तव जिना वापरायला हरकत नाही, असा ठराव एकमतानं झाला. महिना संपायच्या आत निम्मी इमारत आजारी पडणार, हे तिथंच दिसत होतं. इतक्या वर्षांत दिगंबरराव सोसायटीला प्रथमच आवडले.

घरात शिरल्यावर ते पद्मजाबाईंना म्हणाले, “तुला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलली असतीस तर.”

“काय बोलणार होते?”

“खरं ते.”

“अहो, नवऱ्याला डॉक्टरांनी चिकन सांगितलंय, हे मला ताईला सांगता येतं, विहीणबाईंना सांगता येतं. नवरा दिवसभर कोंबड्याच्या मानेची पिसं दोऱ्यानं बांधतो, मासा पकडतो आणि सोडून देतो, हे कोणत्या तोंडानं सांगू? मलाच अजून ते कळलेलं नाही.”

सभेत लागलं नव्हतं इतकं हे दिगंबररावांना लागलं. आपल्या कामातलं काहीतरी हिला कळतं, असं ते शालू उसवला तेव्हापासून धरून चालले होते.

तेवढ्यात बेल वाजली. दारात विमलाबाई झाकलेलं भांडं घेऊन उभ्या होत्या. चिकन सूप होतं, गरमागरम, मिरी घातलेलं. पद्मजाबाईंनी हसून भांडं घेतलं आणि विमलाबाईंना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अहो, तुमचं सूप आलंय.”

दिगंबरराव उठले आणि त्यांनी चमचा मागितला.