उलटं बूच

मी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले. चवीतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगतो.

बाटली मी दोन स्वेटरांत गुंडाळून नेली होती. बावीस वर्षांपूर्वी आम्ही नवराबायकोने ती जिथून आणली, तिथेच जाऊन ती उघडायची असं मी ठरवलं होतं. ही जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

त्या वेळी आम्ही निघालो होतो नावाजलेल्या द्राक्षमळ्यांकडे, सगळे जातात तिकडे. मी घाई केली आणि दोन थांबे आधीच उतरलो. पुढची बस चार तासांनी. "बसा आता दगड मोजत," ही म्हणाली. ऊन चुकवायला एका दारात शिरलो, तर खाली तळघर आणि तळघरात ओळीने पिंपं. या गावात वाईन होते हे आमच्या ऐकिवातही नव्हतं. म्हातारा मालक पेल्यात इतकं जपून ओतायचा, की हिने तिथल्या तिथे त्याचं नाव थेंबेराव ठेवलं. पहिला घोट घेतला आणि ही गप्प झाली. ही गप्प होणं म्हणजे नवलच. मग म्हणाली, "अहो, सुकवलेल्या जर्दाळूसारखी लागते." मला नुसती आंबट लागली होती, पण मी मान हलवली.

एक बाटली विकत घेतली, थेंबेरावांनी बुचावर फडकं बांधून दिलं, आणि चांगल्या दिवशी उघडू म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली. मुलीचं लग्न झालं, मी निवृत्त झालो. दर वेळी ही बाटलीकडे बघायची आणि मी म्हणायचो, "आत्ता नको, याहून चांगला दिवस येईल."

आजारपणात तिच्या तोंडाची चव पार गेली. एकदा तिने विचारलं, "उघडायची का हो ती?" मी म्हणालो, "तू बरी हो, मग उघडू." तिने भिंतीकडे कूस वळवली. ती वळलेली पाठ माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. म्हणून बाटली घेऊन निघालो होतो.

तळघरात पोचलो, तर थेंबेराव आता नव्हते. पिंपांपाशी त्यांची मुलगी होती. पन्नाशीची, नखांत द्राक्षांचा काळपट रंग. मी म्हणालो, "एवढी उघडून द्या. पेले दोन लागतील."

मी एकटा दिसत असूनही तिने काही विचारलं नाही. दोन पेले मांडले, बुचावरचं फडकं सोडलं आणि थांबली.

"काका, ही आधी कुणी उघडली होती?"

"छे. कुणी हात लावलेला नाही."

"आमचा शिक्का बुचाच्या खालच्या टोकाला असतो, आतल्या बाजूला. बाबा तसाच मारायचे. इथे तो वर आलाय." तिने बोट ठेवून दाखवलं. "भिजलेलं टोक फुगतं, परत आत जात नाही. मग लोक बूच उलटं करून बसवतात."

तिने बूच काढलं, वास घेतला, तोंड वाकडं केलं. "रागावू नका. हा कोरा चहा आहे. तोही बराच जुना."

मी तिथल्या बाकावर बसलो.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ही म्हणाली होती, "आज तोंडाला चव आली हो." समोर मी केलेलं सूप होतं. मी असा काही फुगलो, की तेच सूप सलग अकरा दिवस केलं. ती अकरा दिवस ते बिनतक्रार प्यायली. त्याच सुमारास एकदा मी औषधं घेऊन परतलो, तर ओट्यावर पातेलं आणि त्यात चहाचा चोथा. "उठलीस कशाला?" म्हणून मी तिच्यावर चिडलो. "तल्लफ आली," एवढंच म्हणाली. खाटेपासून कपाटापर्यंत भिंत धरून जायचं, म्हणजे वाटेत दोनदा तरी बसली असेल. आणि मी सगळ्या नातेवाइकांपुढे फुशारकी मारली, ती सुपाची.

मला हसू आलं. बराच वेळ आवरेना.

"माझ्या बायकोने संपवली," मी सांगितलं. "मी उघडू देत नव्हतो."

"सगळी?"

"थेंब ठेवला नाही. थेंबेरावांचं नाव राखलं नाही बघा." मग ते नाव कुणाचं, हेही सांगावं लागलं. तीही हसली. "आई तर बाबांना औषधवाला म्हणायची. चमच्याने देतात म्हणून."

तिने पेले धुतले आणि पिंपातली वाईन ओतली, बापापेक्षा सढळ हाताने. दुसरा पेला मी तिच्याकडे सरकवला. मला आंबटच लागली. तिसऱ्या घोटाला जर्दाळूसारखं काहीतरी जिभेवर आलं, किंवा मला तसं वाटलं.

निघताना एक बाटली मागितली. ती फडकं शोधू लागली. "प्रवासात नेताय ना? नीट बांधून देते."

"बांधू नका," मी म्हणालो. "बसला अजून तीन तास आहेत. उघडा."