शेवटची खाच

संगणकाच्या पेटीच्या मागच्या अंगाला कार्डांसाठी पाच खिडक्या होत्या. आत मदरबोर्डावर खाचा चार. पहिलीत कर्टिसचं गणितं करणारं ग्राफिक्स कार्ड, दोन पंख्यांचं, विटेएवढं जाड. त्यामुळे दुसरी खाच त्याच्या पोटाखाली गाडलेली. तिसरी मुळातच बोटाच्या पेराएवढी, तिच्यात नेटवर्कचं कार्ड. चौथी लांबलचक आणि रिकामी. तिच्यात काल दुपारी सॉल्व्हेगने आपलं ध्वनिमुद्रणाचं कार्ड बसवलं, आणि आज सकाळी येऊन पाहते तर आवाजाच्या दर शंभर नमुन्यांमागे एकोणीस गळालेले.

सॉल्व्हेगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाडीच्या बर्फाखाली तिने चोवीस माइक सोडले होते. बर्फ फुटतानाचा आवाज टिपायचा, त्यावरच तिचा प्रबंध उभा होता. सरोवरावरून येणारा वारा उलटा फिरला की इथला बर्फ एका दुपारीत निघून जातो, आणि मग पुढच्या वसंतापर्यंत बसा वाट पाहत. बाकीच्यांकडे नुसते लॅपटॉप. कार्ड बसेल अशी पेटी प्रयोगशाळेत ही एकच.

तिने वीज बंद केली, कार्ड उपसलं आणि विजेरी खाचेत धरली. एवढ्या लांबीच्या खाचेत धातूचे एकशे चौसष्ट दात असायला हवेत. तिने टाचणीच्या टोकाने एकेक मोजला. छत्तीस भरले. पुढे नुसतं प्लास्टिक. तिच्या कार्डाला चौसष्ट लागत. म्हणजे पाहुण्याला पाट मांडला, रांगोळी घातली, आणि ताटात वाढलं अर्धंमुर्धं.

चहापाण्याच्या खोलीत कर्टिस कॉफी ओतत होता. ऑफिस सांभाळणारी बेव्ह टेबलाशी बसली होती. मध्ये तिने आणलेल्या लिंबाच्या वड्यांचा ट्रे.

"जमलं ना?" कर्टिस म्हणाला. "शेवटची खाच तुझ्यासाठीच राखून ठेवली होती."

"नाही जमलं."

"पण बसलं तर असेल."

"बसलंय. चालत नाहीये."

"हं. वेगळंच आहे म्हणायचं."

या गावात कुणाचं छप्पर उडालं तरी लोक 'वेगळंच आहे' एवढंच म्हणतात.

"पोरी, आधी वडी खा," बेव्ह म्हणाली. "रिकाम्या पोटी यंत्राशी भांडू नये."

वडी उरलीच कुठे होती? शेवटची वडी अख्खी उचलायची नाही, हा इथला रिवाज. आल्यागेल्याने तिचे दोन भाग केले होते, उरलेल्याचे पुन्हा दोन. आता ट्रेच्या कोपऱ्यात नखाएवढा तुकडा आणि त्याच्याशेजारी सुरी. सॉल्व्हेगनेही जन्मभर असेच अर्धे केले होते. आज तिचा हात सुरीकडे गेला नाही.

"कर्टिस, तुझं कार्ड काढ."

बेव्हने कपातला चमचा फिरवायचा थांबवला.

"म्हणजे, आपण प्रोफेसर आल्यावर बसून बोलू की," कर्टिस म्हणाला.

"बोलायचं काही नाही. चौथ्या खाचेखाली बोर्ड संपतो आणि पाचवी खिडकी मोकळी आहे. तुझी वीट तिथे बसली तर कुणाच्या मांडीवर बसत नाही. वर बसली की दुसरी खाच मरते. तुला दिसलं नाही हे?"

"दिसलं की. मी मुद्दामच वर बसवलं."

"मुद्दाम?"

"अगं, नवीन होतो मी. आल्या आल्या शेवटची खाच बळकावली असती तर लोक काय म्हणाले असते?"

 त्याचा चेहरा अगदी प्रामाणिक होता, त्यामुळे सॉल्व्हेगला जास्तच चीड आली.

"वा. म्हणजे सभ्यपणापायी तू दोन गिळल्यास, आणि उरलेली बोळकी माझ्यापुढे सरकवलीस."

"ती बोळकी आहे हे मला काय ठाऊक?"

"आत डोकावला होतास?"

कर्टिसने पुन्हा कॉफी ओतून घेतली. "खाली माझं गणित रखडेल," तो म्हणाला.

"किती?"

"रखडेल. सगळ्यांना माहितीये."

"सगळ्यांना सोड. तू मोजलंस?"

"तसं मोजलेलं नाही."

"शास्त्रज्ञ म्हणवतोस ना रे स्वतःला?"

"बर्फ काही आजच फुटत नाही, बाळा," बेव्ह हलकेच म्हणाली.

"बेव्ह, खिडकीबाहेरचं निशाण बघा. सकाळी शहराकडे फडफडत होतं. आता पाण्याकडे वळलंय."

आणि तिने हात पुढे करून तो नखाएवढा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.  बेव्हने रिकाम्या ट्रेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"खाल्लास तू तो."

"खाल्ला. ट्रे मी धुऊन ठेवते."

पेटी आडवी करून ती कामाला लागली. वीट खाली नेली तर तिचं टोक डिस्कांच्या रिकाम्या कप्प्याला अडलं. सॉल्व्हेगने कप्प्याचे स्क्रू काढले. शेवटचा गंजला होता, तो तिने पक्कडीने पिळून उपटला. स्क्रूचं डोकं तुटून टेबलाखाली घरंगळत गेलं. कर्टिस मागून आला, विजेरी धरून उभा राहिला. झोत जरा हलला.

"नीट धर."

त्याने नीट धरली. मग म्हणाला, "रागावलीस का तू?"

"हो."

आजवर या प्रश्नाला कुणी 'हो' म्हटलेलं त्याने ऐकलं नसावं. विजेरीचा झोत पुन्हा हलला.

वीट चौथ्या खाचेत बसली. गणित तिच्या पोटातच चालत असल्याने बाहेर बोलायला छत्तीस दात पुरावेत, असा सॉल्व्हेगचा हिशेब. पाचव्या खिडकीची पत्र्याची झडप काढून तिथे तिची जाडी मावली. पहिली आणि दुसरी, दोन्ही मोकळ्या झाल्या. सॉल्व्हेगने आपलं कार्ड दुसरीत दाबलं, चौसष्ट दात पकडल्याचा टक् आवाज आला. तिने वीज सुरू केली, चोवीस माइक एकदम चालू केले आणि कर्टिसला म्हणाली, "तुझंही गणित लाव. कालचंच. घड्याळ लावून."

दोघंही पडद्यासमोर बसली, मध्ये एक खुर्ची सोडून. दुपारी खाडीतून पहिला तडा ऐकू आला.

गळालेले नमुने: शून्य. कर्टिसचं गणित: काल एक्केचाळीस मिनिटं, आज एक्केचाळीस मिनिटं वीस सेकंद.