कॉफीचा वास

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. बोलले की कान लाल होतात.

"कालपासून चहा-कॉफी काही घेतलंय?" नर्सने विचारलं.

"छे, थेंबसुद्धा नाही." कान लाल.

मी जवळ सरकले. तोंडाला कॉफीचा वास! मघाशी लघवीला म्हणून गेले ते बराच वेळ फिरकलेच नव्हते.

तपासणी अशी, की शिरेतून औषध देतात, त्याने हृदयाकडचं रक्त जोरात वाहतं, मग यंत्राखाली फोटो. रक्त कुठे पोचत नाही ते त्यात दिसतं. कॉफी घेतली असेल तर औषध लागू पडत नाही आणि आजारी हृदयही धडधाकट दिसतं. परवा नर्सने फोनवर हे बजावलं तेव्हा मी घाबरून ऐकलं. ह्यांनी नीट ऐकलं.

हे बंदरात क्रेन चालवतात. शिडी चढताना छातीत कळ आली, तेव्हापासून मुकादमाने खाली बसवलंय. रिपोर्ट चांगला आला तरच पुन्हा वर.

नर्स सुई आणायला वळली.

"अहो, काय केलंत हे?"

"हळू बोल. एवढा रिपोर्ट येऊ दे."

"रिपोर्टला फसवाल, छातीला कसं फसवाल?"

"तुला बोलायला काय जातंय? वर मी जातो."

"आणि खाली मी असते."

मग ते म्हणाले, "क्रेनचं जाऊ दे गं. छातीत काय आहे, ते मला दिसायलाच नकोय."

एवढ्या उंचीवर वाऱ्यात बसणारा माणूस, माझं मनगट घट्ट धरून होता. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, येऊ दे खोटाच रिपोर्ट. आजची रात्र तरी झोप लागेल.

नर्सने दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली.

"सांग तिला," हे पुटपुटले. "माझ्याच्याने होत नाही."

मी सांगितलं. नर्सने पट्टा सोडला. "उद्या सकाळी या. आता एक घोटही नाही."

बाहेर आल्यावर हे भिंतीला टेकून उभे राहिले.

"उद्या सगळं दिसेल ना?"

"दिसेल."

"तू आत येशील?"

"आत सोडत नाहीत हो."

"मग दाराशी तरी थांब," ते म्हणाले.